दोन शाळांमधला सांधा

शाळांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शाळा मोजतो. पहिली शाळा कोणत्या साली निघाली, कोणी काढली, पट किती होता, कायदा कधी झाला, अनुदान कधी मिळू लागले, हे सगळे मोजायला सोपे असते, कारण त्याची नोंद दप्तरात असते. पण मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा त्याचे काय होते, याची नोंद कोणी ठेवत नाही. पहिल्या शाळेच्या रजिस्टरात ‘शाळा सोडली’ असा शेरा पडतो. दुसऱ्या शाळेच्या रजिस्टरात नवा क्रमांक पडतो. या दोन नोंदींच्या मधल्या जागेत काही मुले हरवतात.

खुर्ची मोडते ती बहुधा सांध्यात मोडते. लाकूड चांगले असते, पायही शाबूत असतात, पण जिथे दोन तुकडे एकमेकांत बसवलेले असतात तिथे ती डुगडुगू लागते. शिक्षणव्यवस्थेचेही असेच आहे. अंगणवाडी ते पहिली, चौथी ते पाचवी, सातवी ते आठवी, दहावी ते कनिष्ठ महाविद्यालय हे सगळे सांधेच. बहुतेक मुले ते ओलांडून जातात. ज्या मुलाला कमी ऐकू येते, कमी दिसते, चालता येत नाही किंवा शिकायला अधिक वेळ लागतो, ते मूल मात्र नेमके तिथेच अडखळते. आणि मग आपण म्हणतो, ‘त्याला झेपले नाही.’

खरोखरच दोष मुलाचा असतो का? बीड जिल्ह्याच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासात याचे उत्तर शोधता येते. तेच या लेखात आम्ही करून पाहणार आहोत.

भाषेचा सांधा

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी निवडलेली भाषा होती उर्दू. विद्यापीठाची भाषा उर्दू, म्हणून तिकडे नेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांचीही भाषा उर्दू. बीड, आंबेजोगाई (तेव्हाचे मोमिनाबाद), गेवराई, आष्टी या भागातले मराठी मूल सुरुवातीचे धडे आईच्या भाषेत गिरवी, आणि वरच्या शाळेत गेले की गणित, भूगोल, इतिहास सगळे एकदम परक्या भाषेत समोर येई.

यातली काही मुले शिकली, मोठी झाली. पण पुष्कळांची शाळा तिथेच थांबली. या मुलांचे कान, डोळे, बुद्धी, सगळे ठीक होते. चौथीपर्यंत ज्याला हिशेब येत होता त्याला पाचवीत तो येईनासा झाला, याचे कारण त्याच्या डोक्यात नव्हते, दोन शाळांच्या सांध्यात होते. त्या वेळच्या लोकांना हे कळलेही होते. मराठवाड्यात खाजगी राष्ट्रीय शाळा निघाल्या त्यामागे मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह हे एक मोठे कारण होते. आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, हे अनेक वाचकांना माहीत असेल.

म्हणजे सांधा चुकीचा बसवला तर धडधाकट मूलही अडखळते. मग ज्याला आधीच काही अडचण आहे, त्याचे काय होत असेल?

सहा टिंबांची गोष्ट

त्या काळात बीडच्या अंध किंवा बहिऱ्या मुलाला जवळपास शाळाच नव्हती. अशा मुलांच्या शाळा निघाल्या त्या मोठ्या शहरांत. भारतातली मूकबधिरांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत कॅथलिक मिशनने सुरू केली. अंध मुलांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. मंदबुद्धी म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने शाळा सुरू केली. ती आज जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते.

ही मंडळी ध्येयवादी होती आणि त्यांचे काम मोठे होते. पण प्रत्येक शाळा म्हणजे एक बेट होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रेल लिपीचे आहे. ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या चौकटीतून ६३ वेगवेगळ्या आकृत्या तयार होतात. कोणती आकृती कोणत्या अक्षरासाठी, हे मात्र माणसांनी ठरवायचे असते. भारतात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी ते वेगवेगळे ठरवले. एक संकेत डॉ. नीलकंठराय छत्रपती यांचा, दुसरा मिशनऱ्यांचा, तिसरा आणखी कोणाचा. परिणाम असा, की एका शाळेत वाचायला शिकलेले अंध मूल दुसऱ्या शाळेत गेले की निरक्षर ठरे! त्याची बोटे तीच, कागदावरची टिंबेही तशीच, पण त्यांचा अर्थ बदललेला.

१९५१ साली युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या चर्चांनंतर सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरले. त्यात ‘क’ या ध्वनीची आकृती मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये एकच असते. अंध मुलांच्या क्षमतेत त्या वर्षी कोणताही बदल झाला नव्हता. बदल झाला तो दोन शाळांमधल्या करारात. आमच्या मते भारतातल्या विशेष शिक्षणाच्या इतिहासातली ही एक फार मोठी घटना आहे. एक सांधा नीट बसवल्याबरोबर हजारो मुलांचे शिकलेले ज्ञान प्रवास करण्याजोगे झाले.

दोन खाती, दोन दप्तरे

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या. बीड जिल्हा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मात्र अंध, मूकबधिर, मतिमंद अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या शाळा राज्यात बहुतेक करून स्वयंसेवी संस्थांनी काढल्या, आणि त्यांचे अनुदान व तपासणी शिक्षण खात्याकडे न जाता समाजकल्याण खात्याकडे गेली. २०२२ साली महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तेव्हा हे काम त्याच्याकडे आले.

या वाटणीत कोणाचा वाईट हेतू नव्हता. ‘अपंगांचे कल्याण’ हा त्या काळी दयेचा विषय समजला जाई, हक्काचा नव्हे. पण तिचा परिणाम दूरवर झाला. विशेष शाळेतले मूल गावच्या शाळेत जायला तयार झाले, तर त्याला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जावे लागते. तिथले तपासणी अधिकारी वेगळे, फॉर्म वेगळे, शिक्षकांचे प्रशिक्षणही वेगळे. गावच्या शाळेतल्या शिक्षकाला विशेष शाळेत काय शिकवतात हे माहीत नसते, आणि विशेष शाळेतल्या शिक्षकाला गावची आठवी कशी चालते हे माहीत नसते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) अशा मुलांना शक्य तितके सर्वसाधारण शाळेतच शिकवावे असे सुचवले होते. १९७४ साली केंद्र सरकारची एकात्मिक शिक्षण योजना आली. तीही आधी समाजकल्याण मंत्रालयाकडे होती, १९८२ साली शिक्षणाकडे आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सौम्य अपंगत्व असलेली मुले इतरांबरोबर शिकतील आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह शाळा असतील, असे म्हटले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला नाकारायचे नाही हे तत्त्व घेतले आणि तालुक्यांमध्ये विशेष शिक्षक आले.

हा सगळा इतिहास दारे उघडण्याचा आहे, आणि तो अभिमानास्पद आहे. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसे जायचे? सर्व शिक्षा अभियान आठवीपर्यंतच होते. नववी ते बारावीसाठी २००९ साली वेगळी योजना आली, तिचे शिक्षक वेगळे, तिचे कागद वेगळे. आठवी पास झालेले मूल नववीत गेले की त्याला ओळखणारा फिरता शिक्षक मागे राही. २०१८ साली ‘समग्र शिक्षा’ आली आणि कागदावर तरी पहिली ते बारावी एकाच योजनेत आली. म्हणजे हा सांधा दिसायला आणि भरायला नऊ वर्षे लागली.

कोयत्याबरोबर जाणारी शाळा

बीड जिल्ह्यात याशिवाय आणखी एक सांधा आहे, आणि तो दरवर्षी दोनदा येतो.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. ऊस तोडायला माणसे हवी होती. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, हाताला काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तर पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांतून टोळ्यांच्या टोळ्या कारखान्यांकडे जाऊ लागल्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता धरायचा, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचे आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परतायचे. काही जण सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात.

अशा घरातल्या मुलाचा हिशेब करू. पहिली ते आठवी ही आठ वर्षे. दरवर्षी एकदा गावची शाळा सोडणे आणि एकदा परत येणे, म्हणजे १६ सांधे. अंगणवाडी ते पहिली, चौथी ते पाचवी, सातवी ते आठवी हे नेहमीचे तीन मिळवले तर १९. पुण्या-मुंबईतल्या मुलाला जे संक्रमण तीनदा करावे लागते ते इथे १९ वेळा. आणि त्या मुलाला ऐकू कमी येत असेल तर?

आई-बापासमोर तीन वाटा असतात. मुलाला बरोबर न्यावे, तर फडाजवळच्या कोपीत त्याच्या श्रवणयंत्राला सेल मिळत नाही, आणि तिथल्या शाळेत गेले तर त्याला काय येते हे कोणालाच माहीत नसते. आजी-आजोबांकडे ठेवावे, तर त्यांच्याच्याने त्याचे सगळे होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत घालावे, तर ती दिवाळीच्या सुट्टीत बंद होते, आणि टोळी निघण्याचे दिवस नेमके तेच असतात.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने काही केले नाही असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा झाल्या. पालक गेल्यावर मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. स्थलांतरित मुलांबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ तर थेट सांध्याविषयीच आहे. मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला आला नाही या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही.

पण दाखल्यावर काय लिहिलेले असते? नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक. ‘बाईंचा चेहरा दिसला की याला निम्मे अधिक कळते’ हे वाक्य लिहायला त्यावर जागाच नसते. दाखला पोचतो, मूल पोचत नाही.

नवी जागा म्हणजे काय?

जागा बदलल्याने नेमके काय बिघडते, हे थोडे विज्ञानाच्या अंगाने पाहू.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. शिक्षकापासून १ मीटरवर बसलेल्या मुलाला जो आवाज येतो, तो ४ मीटरवर १२ डेसिबेलने कमी होतो. वर्गात भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे घट थोडी कमी असते, पण परतलेला आवाज शब्द अस्पष्ट करतो. पत्र्याच्या छपराच्या खोलीत हे अधिक जाणवते. श्रवणयंत्र शिक्षकाचा आवाज वाढवते तसा बाकांचा, पंख्याचा आणि शेजारच्या वर्गाचाही वाढवते. विशेष शाळेत आठ-दहा मुलांत अर्धवर्तुळात बसून शिकलेले मूल साठ मुलांच्या आठवीत पाचव्या बाकावर बसले, तर त्याचे कान तेच असतात, पण त्याच्यापर्यंत पोचणारी भाषा निम्मीही उरत नाही.

अंध मूल शाळेचा नकाशा पावलांनी मनात बांधते. फाटकापासून पायरी, पायरीपासून वर्ग, वर्गापासून पाण्याची टाकी. हा नकाशा बांधायला कित्येक दिवस लागतात. नव्या शाळेत तो पुसला जातो, आणि ज्या मुलाला काल एकट्याला लघवीला जाता येत होते त्याला आज कोणाचा तरी हात धरावा लागतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ओळखायला हवी. एका जागी, एका माणसाबरोबर शिकलेले कौशल्य ही मुले दुसऱ्या जागी आपोआप वापरत नाहीत. एका दुकानात सुटे पैसे मोजायला शिकलेला मुलगा दुसऱ्या दुकानात गोंधळतो. तो विसरलेला नसतो. त्याला ते नव्या जागी पुन्हा एकदा जोडून द्यावे लागते.

तिन्ही उदाहरणांत मुलाची अडचण तीच आहे, वाढली आहे ती जागेने. आणि जागा आपल्याला आधीच माहीत असते. म्हणून तिची तयारी करता येते.

बाहेरच्या देशांनी काय केले?

ही तयारी कायद्याने बांधून घेण्याची सुरुवात इंग्लंड-अमेरिकेत झाली. इंग्लंडमध्ये १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अहवाल दिला. मुलांची विभागणी अपंगत्वाच्या नावांनी न करता त्यांच्या ‘विशेष शैक्षणिक गरजा’ पाहाव्यात, आणि पाचातल्या एका मुलाला शालेय जीवनात केव्हा ना केव्हा अशी गरज पडते, असे त्यात म्हटले होते. १९९४ पासून तिथे असे ठरले, की अशा मुलाच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतरच्या वार्षिक आढाव्यात पुढच्या टप्प्याचा लेखी आराखडा तयार करायचा. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा आला, आणि १९९० साली त्यात शाळेनंतरच्या संक्रमणाची योजना घालणे आवश्यक झाले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की तिथेही आधी शाळेत घेण्याचा कायदा झाला आणि शाळा संपल्यावर ही मुले घरीच बसतात असे दिसल्यावर, पंधरा वर्षांनी, सांध्याचा विचार सुरू झाला. आपण त्याच वाटेवर आहोत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांवर अशा प्रत्येक विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. ‘शिक्षण पूर्ण होणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका शाळेपुरते लक्ष ठेवून शिक्षण पूर्ण होत नसते.

आपल्या हातात काय आहे?

शासन आदेशाची वाट न पाहता करण्यासारखे बरेच आहे. त्याला खर्च नाही, वेळेवर सुरुवात मात्र हवी.

पहिली गोष्ट, एक पान. मुलाला काय येते, ते आपले म्हणणे कसे सांगते, कुठे बसवले तर बरे, कोणत्या गोष्टीने घाबरते, कोणते साधन किंवा औषध लागते, आणि अडचण आली तर आधीच्या शाळेतल्या कोणाशी बोलायचे, एवढे त्यावर असावे. काय येत नाही याची यादी नको, ती नव्या शाळेला आपोआप कळते. हे पान आईवडिलांना वाचून दाखवावे, त्यांची दुरुस्ती घ्यावी, आणि एक प्रत त्यांच्याजवळच द्यावी. मुलाबरोबर सगळीकडे जाणारी माणसे तीच असतात.

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. जूनमध्ये मूल पाचवीत किंवा आठवीत जाणार हे जानेवारीतच माहीत असते. जानेवारी-फेब्रुवारीत दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी एकदा भेटावे. मार्च-एप्रिलमध्ये मुलाला नव्या शाळेत दोन-तीनदा नेऊन आणावे, एकदा मुले असताना आणि एकदा शाळा रिकामी असताना. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गातले दोन सोबती ठरवावेत. ऑगस्टमध्ये पुन्हा विचारपूस करावी, कारण सुरुवातीचे कौतुक ओसरल्यावरच गळती सुरू होते. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाचे वेळापत्रक मात्र दसऱ्याच्या आधी सुरू व्हायला हवे. टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला ठाऊक असते. तिथल्या शाळेला एक फोन आधी गेला तर मूल तिथे अनोळखी राहत नाही.

तिसरी गोष्ट, परीक्षा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ सालीच केली, आणि देशात आपले राज्य त्यात आघाडीवर होते. पण लेखनिक किंवा जादा वेळ मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि त्याची धावपळ दहावीच्या वर्षात सुरू केली तर उशीर होतो. प्राथमिक शाळेच्या पानावर ती नोंद असेल तर माध्यमिक शाळेला ती शोधत बसावी लागणार नाही.

यातले काहीही नवे तंत्र नाही. १९५१ साली ब्रेलच्या बाबतीत देशाने जे केले तेच दोन शाळांनी आपापसात करायचे आहे. मुलाविषयी एका ठिकाणी कळलेले दुसऱ्या ठिकाणी वाचता आले पाहिजे.

आपल्या शाळेतून येत्या जूनमध्ये, किंवा येत्या दसऱ्याला, असे कोणते मूल जाणार आहे? बहुतेक शाळांत अशी दोन-तीनच नावे निघतील. ती नावे आज वहीत लिहावीत आणि प्रत्येकाचे एक पान करायला घ्यावे.